नाल्याचा अलीकडचा काठ

माणूस रेघेवर उभा राहू शकत नाही, हे सरकारला फार उशिरा कळतं. नकाशावर दोन मुलखांची हद्द म्हणजे शाईची एक रेघ. पण त्या रेघेवरून येणाऱ्या माणसाला थांबवायचं, त्याची नाडी बघायची, गाठोडं सोडायला लावायचं, तर त्याला बसायला जागा लागते, बैल बांधायला झाड लागतं, आडोसा लागतो, पाणी लागतं. म्हणजे रेघेला लागून जमिनीचा एक तुकडा लागतो. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे सरकारला आधी जाहीर करावं लागतं. तुकड्याच्या आत नाक्यावरच्या डॉक्टरचा शब्द चालतो. बाहेर पाऊल पडलं की माणूस पुन्हा साधा वाटसरू. त्याला कुणी हटकायचं कारण नाही. हा तुकडा शब्दांत बांधणं हे माझं काम होतं. सन तीसनंतरची आठ-नऊ वर्षं नाशकातल्या एका सरकारी कचेरीत बसून मी असे जाहीरनामे लिहिले.

त्या काळी आमच्या जिल्ह्याला दोन बाजूंनी संस्थानी मुलूख लागून होता. तिकडे पटकी किंवा प्लेग सुरू झाला की इकडे हद्दीवर नाका बसायचा आणि नाक्याच्या आधी आमचा कागद जायचा. कागदात महत्त्वाच्या ओळी चारच. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस काय, उत्तरेस काय. याला चतुःसीमा म्हणतात. घराच्या खरेदीखतात असते तीच. फरक एवढा की खतातली सीमा चुकली तर दोन शेजारी भांडतात, आणि आमची चुकली तर माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

माझी पत्नी मनोरमा गेल्या श्रावणात गेली. ती असताना तिचं नाव मी चारचौघांत कधी घेतलं नाही. आमच्या वेळी तशी पद्धत नव्हती. आता कागदावर घेतो. येवल्याची ही हकिगत लिहा, असं ती दर दिवाळीला म्हणायची आणि मी दर दिवाळीला दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचत बसायचो. हल्ली रोज एक पान लिहितो. त्याहून जास्त होत नाही.

हे काम शिकवणारी शाळा नव्हती. आम्ही चुकांवरच शिकलो, आणि चुका दाखवायला येणारी माणसं मोठी तऱ्हेवाईक असत. पेठच्या बाजूला डोंगरात एका नाक्याची सीमा आधीच्या कारकुनानं 'मोठ्या आंब्यापासून' अशी लिहिली होती. तो आंबा वादळात पडला. मग नवी सीमा मी लिहिली, नकाशावर पट्टी ठेवून, अगदी सरळ. ती एका म्हाताऱ्याच्या घरातून गेली. त्याची चूल नाक्याच्या आत आणि गोठा बाहेर. म्हातारा काठी टेकत चालत नाशकात आला आणि दोन दिवस आमच्या व्हरांड्यात बसून राहिला. तिसऱ्या दिवशी चिटणीसांसमोर उभा राहून शांतपणे म्हणाला, "रावसायेब, मी गाईकडं जातो तवा भायेर जातो, न् दूध घेऊन येतो तवा मला डाक्टरची चिठ्ठी मागत्यात. एक चिठ्ठी गाईच्या नावाची बी द्या." रेघ चाळीस पावलं सरकली. कचेरीत पुढे वर्षभर कुणी दूध पिताना दिसला की त्याला चिठ्ठी मागत.

मनमाडला गाडीच्या उतारूंसाठी मी 'फलाट' एवढंच क्षेत्र जाहीर केलं होतं. लोक दुसऱ्या बाजूच्या दारानं रुळांवर उतरून गावात निघून गेले. त्यांतल्या एकानं म्हणे फलाटावरच्या डॉक्टरला लवून नमस्कारही केला. त्यानंतर मी 'फलाट व दोन्ही बाजूंचे रूळ' असं लिहायला लागलो. अशा दोन-चार प्रसंगांनंतर मला वाटू लागलं होतं, की आता आपली चतुःसीमा कुणी मोडणार नाही. तेव्हाच येवल्याचं पत्र आलं.

येवल्याच्या पूर्वेला, संस्थानी मुलखातून येणाऱ्या सडकेवर, त्या उन्हाळ्यात पटकीसाठी नाका बसवला होता. तिकडून येणाऱ्याला पाच दिवस नाक्यात ठेवायचं, आणि तब्येत ठीक असेल तर चिठ्ठी देऊन सोडायचं. जागा मी पाहिली नव्हती. मोजणीदाराच्या अहवालावरून नाशकात बसून चतुःसीमा लिहिली: पूर्वेस हद्दीचे दगड, उत्तरेस शेताचा बांध, दक्षिणेस पडकी धर्मशाळा, पश्चिमेस नाल्याचा अलीकडचा काठ.

पत्र येवल्याच्या मामलेदारांचं होतं. त्यांच्यापुढे एक खटला आला होता. आरोपी याकूबभाई, येवल्याचा पैठणी विणणारा, वय पस्तिसाच्या आसपास. त्याच्या बहिणीचा नवरा संस्थानी मुलखात पटकीनं वारला, म्हणून तो तिला आणि तिच्या लहान मुलीला आणायला गेला होता. परतताना तिघं नाक्यात अडकली. तिसऱ्या दिवशी पाण्याची गाडी आली नाही. पिपात तळाशी होतं ते गढूळ पाणी मुलीच्या पोटात राहीना. नाल्याच्या पूर्वेच्या काठावर जमादारानं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. याकूबभाई ते ओलांडून नाल्यात उतरला, वाळू हातांनी उकरून त्यानं झिरा केला, घागर भरली आणि परत आला. काट्यांतून आत येतानाच जमादारानं त्याला धरलं. जाहीर क्षेत्रातून परवानगीशिवाय बाहेर गेल्याचा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत, साधी किंवा सक्तमजुरीची. साथ ऐन भरात होती, लोक नाके चुकवून पळत होते, त्यामुळे एखाद्याला जरब बसेल अशी शिक्षा व्हावी असा वरून रोख होता. नाक्यातले पाच दिवस पुरे झाल्यावर तो जामिनावर घरी होता.

मामलेदारांचा प्रश्न एका ओळीचा होता: 'अलीकडचा काठ' म्हणजे नाल्याचा कोणता काठ, याचा खुलासा व्हावा. सोबत आरोपीच्या जबाबाची नक्कल होती. तिच्या शेवटी त्यानं सांगितलेलं लिहिलं होतं, की शिक्षा द्यायचीच असेल तर द्यावी, पण खडी फोडायची देऊ नये. चार महिने खडी फोडली की रेशमाची तार बोटाला कळत नाही. मग मागावर बसून उपयोग नाही, आणि मला दुसरं काही येत नाही.

पैठणीचा पदर ज्यांनी विणताना पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. तिथे नक्षी डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त उतरते. एकेक तार बोटाच्या टोकानं उचलायची, दुसऱ्या रंगाच्या तारेत अडकवायची आणि सोडायची. त्या टोकाला घट्टा पडला की कारागीर संपला.

हे सगळं मी वाचलं आणि तरीही त्या दिवशी उत्तराचा मसुदा असा लिहिला: 'मजकूर स्पष्ट असून त्यास खुलाशाची आवश्यकता दिसत नाही.' कचेरीत असं उत्तर देण्याचा रिवाज होता. कचेरीचा शब्द एकदा बाहेर गेला की तो स्पष्टच असतो. आणि मला तो खरोखरच स्पष्ट वाटत होता. अलीकडचा म्हणजे नाशकाकडचा, पश्चिमेचा. नाला ओलांडून मग काठ. म्हणजे नाला क्षेत्राच्या आत, आणि आत असलेला माणूस आरोपी कसा? मामलेदारांना एवढं समजेल, असं मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी घरी ताटावर बसल्यावर मी ही गंमत म्हणून मनोरमेला सांगितली. तिचं माहेर पंचवटीतलं आणि आमचं घर नदीच्या या अंगाला, जुन्या नाशकात. ती वाढताना थांबली.

"अलीकडचा म्हणजे कुणाच्या अलीकडचा?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, अलीकडचा म्हणजे अलीकडचा, आपल्या बाजूचा.

"आपल्या म्हणजे तुमच्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला काय निरोप पाठवला होतात, आठवतं का? 'चार वाजता नदीच्या अलीकडे उभी राहा.' मी माहेरी होते. मी उभी राहिले आमच्या घाटावर. तुम्ही उभे तुमच्या घाटावर. तासभर. मध्ये अख्खी गोदावरी."

मला आठवत होतं. शेवटी तिनं पदर हलवला होता आणि मी छत्री. दोन्ही घाटांवरच्या बायका धुणं थांबवून हसल्या होत्या. तेव्हा चूक कुणाची यावर आम्ही आठवडाभर वाद घातला, आणि मी तो जिंकला असं समजत आलो होतो.

"तुमचा जमादार कुठे राहतो?" ती म्हणाली. "नाक्यावर ना? मग त्याला नाल्याचा कोणता काठ अलीकडचा वाटणार?"

मी जेवण अर्धं टाकून उठलो नाही. तसं करणाऱ्यांतला मी नव्हतो. पण भाताला चव राहिली नाही. मामलेदारांना समजेल असं मी धरलं होतं. पण 'मजकूर स्पष्ट आहे' एवढं वाचून येवल्यात बसलेला माणूस काय करील? जागेवर जाईल, जमादाराच्या शेजारी उभा राहील आणि जमादाराला दिसतं तेच त्याला दिसेल. माझ्या त्या उत्तरानं याकूबभाईच्या हातात हातोडा दिला असता.

सकाळी मी चिटणीसांकडे गेलो. चिटणीस म्हणजे आमच्या कचेरीतले सर्वांत वरचे कारकून. कोरडे, पण सरळ. मी सांगितलं की शब्द दोन अर्थांचा पडला आहे आणि तो माझा आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. कचेरीचा जाहीरनामा दुहेरी अर्थाचा होता असं कचेरीनंच लिहून दिलं, तर उद्या प्रत्येक नाक्यावर लोक शब्दांचा कीस पाडतील, असं त्यांचं म्हणणं. ते चूक नव्हतं.

"कचेरीनं लिहून देऊ नये," मी म्हटलं. "मी जातो. मला साक्षीला जायची परवानगी द्यावी."

"तुमची बढती विचारात आहे, ठाऊक आहे ना?"

"आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग कपाट उघडून त्यांनी त्या जाहीरनाम्याची फाइल काढली. "ही बरोबर न्या," ते म्हणाले. "कारकुनाच्या तोंडावर कुणी विश्वास ठेवत नाही. कागदावर ठेवतात."

गाडीत मी फाइल उघडली. आम्ही मसुदा अर्ध्या समासाच्या कागदावर लिहीत असू. कागदाची उभी घडी घालायची, उजव्या अंगाला मजकूर, डावं अंग शेरे लिहायला मोकळं. पश्चिमेच्या ओळीसमोर, डाव्या अंगाला, माझ्याच अक्षरात शिसपेन्सिलीची एक ओळ होती: 'मोजणीदार कळवितात की पाण्याची सोय नाल्यातच आहे, सबब नाला आत घेतला आहे.' मी ती लिहिली होती आणि विसरलो होतो. समासातला शेरा छापखान्यात जात नाही. मनमाडला गाडी बदलेपर्यंत मी ती ओळ कितीदा वाचली असेन ते सांगता येणार नाही.

कोर्टाच्या ओसरीवर याकूबभाई उभा होता. सडपातळ, धुतलेला सदरा. हातांच्या मुठी काखेत दाबून उभा होता, थंडी वाजत असल्यासारखा, ऐन उन्हाळ्यात. मी कोण ते त्याला सांगायचं मी टाळलं. आत गेल्यावर ते सगळ्यांना कळणारच होतं.

साक्षी झाल्या. जमादार शिरपतराव जुना, दणकट माणूस, मनात खोट नसलेला. तो म्हणाला, "सायेब, मी नाक्यावर उभा. नाला माझ्याम्होरं. माझ्याकडचा काठ तो अलीकडचा. तितं मी काट्या घातल्या. हा गडी काट्या वलांडून गेला." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मग मी. मी सांगितलं की हा मजकूर मी लिहिला, नाशकात बसून लिहिला, आणि नाशकात बसलेल्याला नाल्याचा पश्चिमेचा काठ अलीकडचा. सरकारी वकिलांनी उठून विचारलं, की शब्द लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं याच्याशी कायद्याला काय करायचं आहे? उद्या प्रत्येक कारकून येऊन आपलं मन सांगेल. लोक हसले. मी मसुदा मामलेदारांपुढे ठेवला आणि समासावर बोट ठेवलं. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. पुन्हा एकदा, स्वतःशी वाचली. मग जमादाराला विचारलं, "नाक्यात दुसरीकडे कुठे पाणी आहे?"

"नाही सायेब. गाडीनं येतं."

"आली नाही तर?"

शिरपतरावानं मान वळवली. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं. कुंपण आपण चुकीच्या काठावर घातलं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं असावं.

मामलेदार आरोपीकडे वळले. विचारायचं म्हणून विचारलं असेल, की बाबा, तुझ्या मते अलीकडचा काठ कोणता?

याकूबभाईनं मुठी काखेतून काढल्या. "हुजूर, मी तर नाल्यात बसून वाळू काढत होतो," तो म्हणाला. "मला दोन्ही काठ पलीकडचेच."

मामलेदारांना हसू आवरलं नाही, आणि वकीलसाहेब खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत. निकाल त्याच दुपारी झाला. ज्या शब्दाचे दोन प्रामाणिक माणसांनी दोन प्रामाणिक अर्थ केले, त्या शब्दावर तिसऱ्याला शिक्षा देता येत नाही. शिवाय पाणी आत असावं हाच सरकारचा हेतू कागदावरून दिसतो. सबब आरोपी निर्दोष. मी पुष्कळ निकाल वाचले आहेत. इतका आटोपशीर आणि इतका देखणा दुसरा आठवत नाही.

या प्रकरणात एक गोष्ट मला आजही बोचते. तो नाका दीड महिना चालू होता. याकूबभाईच्या आधी कितीतरी माणसं त्या पिपातलं गढूळ पाणी पीत, समोर वीस पावलांवर वाळूखाली गोड पाणी असताना, काट्यांकडे बघत बसली असतील. त्यांनी कुंपण ओलांडलं नाही, म्हणून त्यांच्यावर खटला झाला नाही, म्हणून त्यांची नावं कुठल्या फाइलीत नाहीत. त्यांतल्या कुणाला काय झालं ते मला माहीत नाही. जागा न बघता चतुःसीमा लिहायची नाही, हा नियम मी त्या दिवशी स्वतःला घालून घेतला आणि नोकरी संपेपर्यंत पाळला. बढती दोन वर्षं उशिरा आली. ती बढती आणि हा नियम समोर ठेवून निवडायला सांगितलं, तर मी काय निवडीन हे मनोरमेला माहीत होतं.

नवा जाहीरनामा लिहायला मी स्वतः नाक्यावर गेलो. मामलेदारांनी दोन दिवस थांबवून घेतलं होतं. 'अलीकडचा', 'पलीकडचा', 'समोरचा', 'मागचा' हे चार शब्द त्या दिवसापासून आमच्या कचेरीच्या चतुःसीमेतून हद्दपार झाले. दिशा लिहायची, आणि जागेवर चुन्यानं रंगवलेले दगड रोवायचे. दगड रोवले की पंचनामा करावा लागतो, म्हणजे गावातली दोन भली माणसं प्रत्येक दगडापाशी उभी राहून सही देतात, की होय, सीमा हीच. मामलेदारांनी मला विचारलं, पंच कोण घ्यावेत. मी एक नाव सुचवलं. त्यांनी भुवया उंचावल्या आणि मग हसून होकार दिला.

त्याला बोलवायला शिरपतराव गेला. येवल्यात ज्या घरावर समन्स घेऊन गेला होता त्याच घरासमोर उभा राहून, "याकूबभाई, सायबानं पंच म्हणून बोलिवलंय, चला," असं त्याला म्हणावं लागलं. गल्लीतले सगळे माग थांबले होते म्हणे. याकूबभाईची बहीण मुलीला कडेवर घेऊन दारात आली आणि तिनं जमादाराला आधी पाणी दिलं. हे मला शिरपतरावानंच सांगितलं. "लय गार पानी व्हतं," एवढंच तो म्हणाला आणि काट्या उपटायला वाकला.

चार कोपऱ्यांचे चार दगड झाले, मध्ये मध्ये आणखी झाले. शेवटचा पश्चिमेच्या काठावर. मी पंचनामा वाचून दाखवला: पश्चिमेस नाल्याचा पश्चिम काठ, नाला क्षेत्राच्या आत. दुसरे पंच, शेजारच्या वाडीचे पाटील, सही करून मोकळे झाले. याकूबभाईनं टाक घेतला नाही.

"साहेब, आमच्या घराचं खत आहे ना," तो म्हणाला, "त्यात चार बाजू लिहून झाल्या की शेवटी 'जल, तरू, पाषाण यांसह' असं आहे. वालिद सांगायचे, ते नसलं तर घर मिळतं, विहीर मिळत नाही. ह्यात पाणी कुठं लिहिलंय?"

इतकी वर्षं मी चतुःसीमा लिहीत होतो. मोजणीदार होता, मामलेदार होते, पाटील होते. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नाला आत आला म्हणून त्यातलं पाणी प्यायची मुभा आली, असं कागद कुठेच म्हणत नव्हता. मी दगडावर कागद ठेवला आणि 'नाला' या शब्दापुढे 'त्यातील पाण्यासह' असं लिहिलं. जाहीरनामा तसाच छापून आला. पुढे जिल्ह्यात जितके नाके बसले, त्या सगळ्यांच्या कागदात ते शब्द गेले. इतर कचेऱ्यांनी ते आमच्याकडून उचलले. सरकारी भाषेत माझ्या हयातीत भर पडली ती एवढीच, आणि ती माझी नव्हती.

मग त्यानं टाक घेतला. सही उर्दूत केली, उजवीकडून डावीकडे, अजिबात घाई न करता. खरखरीत दगडावर कागद हलत होता, म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. शेवटी राहिले नावातल्या पहिल्या अक्षराखालचे, 'ये'खालचे, दोन नुक्ते, म्हणजे ठिपके. ते देताना त्यानं टाकाचं टोक कागदाला फक्त लावलं आणि उचललं, मागावरची तार उचलतात तसं. दोन्ही नुक्ते अगदी एकसारखे पडले.